लाल गोळ्यांची दुसरी बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. डोक्यावर पत्र्याचं झाकण, गळ्याशी बारीकसा चरा आणि बुडाच्या काचेत अडकून पडलेला एक हवेचा बुडबुडा. दिसायला मी साधीच. पण मित्रांनो, माझं नशीब काही साधं नाही. गोळ्यांच्या बरणीभोवती मुलांचा गराडा असतो, हे तुम्हाला मी कशाला सांगायला हवं! मी तर कित्येक वर्षं लाल गोळ्यांनी गळ्यापर्यंत भरलेली होते आणि एकाही मुलाने माझ्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. पाहणार तरी कसं? मी कुलपात होते.

काचेच्या कारखान्यात आमची रांगच्या रांग होती. कुणाला साखर हवी होती, कुणाला बिस्किटं. मला मात्र गोळ्याच हव्या होत्या. वाटायचं, दिवसभर लहान लहान हात आत येतील आणि चिकट बोटांचे ठसे माझ्या अंगावर उमटतील. देवाने ऐकलं हो माझं, पण अर्धंच ऐकलं.

मला आणि माझ्या बहिणीला एका अन्न तपासणी कार्यालयाने विकत घेतलं. तिथल्या अधिकारी बाई कमी बोलायच्या, पण कामाला चोख. त्यांनी आम्हा दोघींना स्वतःच्या हाताने धुतलं, उन्हात वाळवलं आणि पिशवीत घालून एका शाळेजवळच्या दुकानात नेलं.

त्या दुकानदाराला मुलं गोळीकाका म्हणत. गोल चेहरा, तोंडात साखर. त्याच्या लाल गोळ्यांवर मुलांचा भारी जीव. त्याच गोळ्या रोज खाऊन एक मुलगी आजारी पडली होती आणि बरेच दिवस दवाखान्यात होती. तिची आई घरी शिवणकाम करायची. तक्रार तिनेच केली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती दाराशी उभी होती, ब्लाऊजला टाचण्या तशाच टोचलेल्या.

बाईंनी रुमाल ओला केला आणि एका गोळीवर घासला. रुमाल लालभडक झाला. मग त्यांनी तो नळाखाली धरून खूप चोळला. रंग काही जाईना.

"खाण्याचा रंग असा बसत नाही, काका. हा कापड रंगवायचा दिसतोय," बाई म्हणाल्या.

"अहो ताई, मुलांना रंग आवडतो! मी काय विष देतोय का?" गोळीकाका हसत म्हणाला.

"हसू नका हो," ती आई म्हणाली. "माझी पोरगी नुसती सावली उरलीय. तिचं जे झालं ते झालं. दुसऱ्या कुणाच्या लेकराचं होऊ नये, एवढंच मागतेय मी."

बाईंनी त्याच गोळ्या आम्हा दोघींत समान भरायला लावल्या. गोळीकाकाने स्वतःच्या हाताने आम्हाला भरलं. मग झाकणावर दोरा, दोऱ्यावर लाखेचं सील आणि वरून खाली चिकटवलेली कागदाची पट्टी. पट्टीवर गोळीकाकाची सही. बाई म्हणाल्या, "या सहीतच हिचा जीव आहे. आता हिला कुणी हात लावायचा नाही."

त्या दिवशी मी बहिणीला शेवटचं पाहिलं. ती प्रयोगशाळेत गेली. तिच्यातल्या गोळ्या तपासल्या गेल्या आणि रंग कापडाचाच निघाला. गोळीकाकावर खटला भरला. मला मात्र राखून ठेवलं. दुकानदाराने पहिला निकाल नाकारला, तर दुसरी बरणी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची, अशी तिथली पद्धत. म्हणजे माझं काम काय, तर वाट पाहायची. लोखंडी कपाट, आत अंधार, बाहेर पंख्याची कुरकुर. शेजारच्या बरण्या एकेक करून निघून गेल्या. खटल्याला तारखांवर तारखा पडत राहिल्या. अधिकारी बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी कपाट उघडून माझं सील पाहिलं, मान हलवली आणि कपाट लावून घेतलं. मला वाटलं होतं, एकदा तरी हात फिरवतील. नाही फिरवला. त्यांचं बरोबरच होतं, पण मला रडू आलं. काचेला रडता येत नाही म्हणून कुणाला कळलं नाही, इतकंच.

मग एकदा मोठे साहेब येणार म्हणून कार्यालयाची झाडझूड निघाली. कारकुनाने कपाट उघडलं आणि तो चहाला गेला. झाडलोट करणाऱ्या मावशी नवीन होत्या. मला पाहून त्या थबकल्या.

"अगं बाई! काय ही धूळ! तुला कुणी वाली नाही का गं?"

आणि त्यांनी मला उचललं. मित्रांनो, किती वर्षांनी कुणाचा तरी ऊबदार हात! त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि मला गळ्यापासून बुडापर्यंत मायेने पुसलं. पट्टीसुद्धा पुसली. शाई पसरली, सही गेली. मला ते कळत होतं. तरीही मनात येत होतं, अजून थोडं पुसा, मावशी.

पुढे व्हायचं तेच झालं. गोळीकाकाच्या वकिलाने एकदाची मागणी केली, दुसरी बरणी तपासा. मला कोर्टात नेलं. पट्टीवर सहीच्या जागी निळा डाग.

"ही बरणी आमच्याच दुकानातली कशावरून?" वकिलाने विचारलं.

न्यायाधीशांनी मला गोळीकाकापुढे ठेवायला लावलं. आता त्याचे केस पिकले होते. त्याने मला लगेच ओळखलं. ओळखणार नाही तर काय, त्यानेच तर भरलं होतं मला!

"नाही हो साहेब, नाही सांगता येत," तो म्हणाला.

दुसरी तपासणी होऊच शकली नाही, म्हणून तो सुटला. ती आई मागच्या बाकावर बसली होती. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग पिशवी उचलून निघून गेली. तेवढी एकटी मी कपाटातही नव्हते.

माझ्यातल्या गोळ्या फेकून दिल्या. मला रिकामी पाहून मावशींनी कारकुनाला विचारलं, "साहेब, मी नेऊ का ही? चांगली आहे हो बरणी."

"न्या की. फक्त घासूनपुसून घ्या."

आता मी मावशींच्या खोलीत खिडकीपाशी असते. कामावरून आल्या की त्या मला पुसतात, रोज, त्याच मायेने. खटला कशामुळे बुडाला हे त्यांना ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका. पण खरं सांगू? त्या फडक्याचा मला राग यायचा. ओला स्पर्श झाला की मी मनातल्या मनात म्हणायचे, आता कशाला पुसता?

आज दुपारी मावशींची नात शाळेतून आली. दोन्ही मुठी भरलेल्या. माझं झाकण काढून तिने मुठी माझ्यात रिकाम्या केल्या. "आजी आली की दोघी मिळून खाऊ," असं मला सांगून ती खेळायला गेली. मी खाली पाहिलं. लाल गोळ्या. तोच लाल रंग, मित्रांनो. तो मी जन्मात विसरणार नाही.

ज्याची आयुष्यभर वाट पाहिली, ते सगळं आज आलंय. गोळ्या आहेत, लहान हात आहे, घर आहे. आणि मला ओरडता येत नाही. तुम्हाला तरी येतं ना? मग ओला रुमाल गोळीवर घासून बघा. धुऊनही रंग गेला नाही, तर गोळी तोंडात घालू नका आणि गप्पही बसू नका.

जिन्यावर पावलं वाजतायत. मावशी आल्या. नात धावत आली, तिने झाकण काढलं, हात आत घातला.

"थांब गं, हातपाय तरी धुऊ दे मला," मावशी म्हणतायत.

मावशी, आज अजून मला पुसलं नाहीत. आतून पुसा, गोळ्यांसकट. फडकं ओलं करा ना, मावशी.