काशीरामचं बोट

विचुंब्याच्या रस्त्यावर सत्यजीत शेठचं वर्कशॉप आहे. ओळीने नऊ ड्रिल मशीन, आणि एकाचाही चक काशीरामच्या बोटाखालून गेल्याशिवाय बसत नसे. चक म्हणजे मशीनची मूठ, ड्रिल धरणारी. ती केसभर जरी वाकडी असली तरी ड्रिल डोलतं, आणि बारीक ड्रिल डोललं की मोडतं. गव्हाणचा हा अठ्ठावन्न वर्षांचा फिटर चकात गुळगुळीत पिन धरायचा, डाव्या हाताने फिरवायचा, उजव्या हाताचं बोट पिनेला टेकवायचा आणि डोळे मिटायचा. "ह्यो डोलतोय" म्हणाला की चक परत. कपाटात हा डोल मोजायचा, काट्याचा डायल गेज होता, पण तो काढायचं नाव घेतलं की काशीरामचं डोकं फिरे. "त्याला काय इचारता? मी हाय ना." तीस वर्षं ज्याचं बोट चुकलं नाही त्याच्याशी वाद घालणार कोण?

पण गेली दोन वर्षं त्या बोटात जीवच नव्हता. साखरेच्या आजाराने खाल्ला होता. पायातली चप्पल निसटली तरी कळेना, चहा गरम की गार ते ओठ लावल्यावर समजे. हे त्याने बायकोला, गोदूलासुद्धा सांगितलं नाही. मेला अभिमान, दुसरं काय. नुसता गेज काढला असता तरी भागलं असतं. या दोन वर्षांत झिजलेले चक एकेक करून बदलले, नऊच्या नऊ, आणि दरवेळी हा डोळे मिटून मान डोलवत राहिला.

गेल्या महिन्यात तीन कंपन्यांचे चक नमुन्याला आले. शेठ म्हणाला, "काका, तिन्ही चेक करा, बेस्ट कुठला ते सांगा." पहिला हाताला जड होता, दुसरा चकचकीत, तिसऱ्याची आवळायची चावी जरा सैल बसत होती. बोटाला तिन्ही सारखेच लागले, म्हणजे काहीच लागलं नाही. सगळे बघत उभे. काशीरामने चकचकीत होता तो उचलला. "ह्यो चांगला."

तो निकेशच्या मशीनवर चढला. आठव्या दिवशी तीन मिलिमीटरचं ड्रिल मोडलं आणि तुकडा निकेशच्या डाव्या डोळ्यात घुसला. नेऱ्याचा निकेश, दोन लेकरांचा बाप, त्याचा डोळा गेला. घाम आला म्हणून त्याने चष्मा कपाळावर सरकवला होता, ही त्याची चूक खरीच. पण ड्रिल मोडलं कशाने, ते कोणी विचारेना. शेठ म्हणाला, "काकांनी पास केलेला चक आहे. ह्यानेच जोर लावला असणार. आता ह्याला कामावर ठेवणार नाही." हॉस्पिटलात निकेशही तेच बोलला. "काका, चक तुमी बघितलेला. माझाच हात जड पडला." काशीरामला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्याने निकेशच्या मशीनला गेज लावला. काटा वीस घरं हलला. नाकारलेले दोन चक चढवून बघितले, तर जड होता त्याचा काटा दोन घरं, सैल चावीवाल्याचा पाच.

शेठ आल्यावर त्याने गेजचं सगळं सांगितलं.

"ड्रिल मोडताना चकाला मार बसतो, काका," शेठ म्हणाला. "आधी बरोबरच असणार. निकेशवर तुमचा जीव आहे म्हणून बोलताय."

"मला बोटांत काय कलत नाय, शेठ. दोन वर्सं झाली."

"तुमच्या बोटाला?" शेठ हसला.

बाजूला भगवान जाड लोखंडी पाटीला भोक पाडत होता, पाणी न घालता. काशीरामने त्याचं बटण बंद केलं. ड्रिल थांबलं, अजून धूर निघत होता. ते त्याने उघड्या हाताने गच्च धरलं आणि शेठकडे वळला.

"निकेशला परत घ्या. त्याचा काय दोष नाय."

चेहरा नेहमीसारखाच. कातडी जळल्याचा वास सगळ्यांच्या नाकात गेला तरी मूठ सुटेना. शेवटी भगवानने मनगट धरून हात ओढून काढला.

शेठ स्टुलावर बसला. मग म्हणाला, "येऊ दे त्याला."

काशीरामला हवं होतं ते मिळालं. जळलेला हात छातीशी धरून तो उभा राहिला. तेवढ्यात शेवटच्या मशीनवरच्या दादूने आपलं बटण बंद केलं. मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता सगळी मशीन थांबली. काशीरामकडे कोणी बघत नव्हतं. दादूने गेज उचलून आपल्या मशीनला लावला, आणि बाकीचे त्याच्यामागे रांगेत उभे राहिले.