गिरिजाबाईंचा लाकडी कान

मी एक जुनी लाकडी नळी आहे. लांबीला वीतभर, एका टोकाला कर्ण्यासारखी पसरट, दुसऱ्या टोकाला बशीसारखी चपटी. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला एखादं खेळणं आठवेल, पण माझं काम मोठं आहे. माझं पसरट तोंड आईच्या पोटावर टेकवतात, चपट्या बाजूला कान लावतात आणि पोटातल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकतात. मला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही. लागतो तो एक शहाणा कान.

माझा जन्म जर्मनीतला. एका कातारी माणसानं चेरीच्या लाकडातून मला कातलं, घासलं, तेल पाजलं आणि दुकानाच्या काचेमागे ठेवलं. तिथून मला गेर्डा आडलर नावाच्या मुलीनं उचललं. ती डॉक्टरकी शिकत होती. इतर विद्यार्थी मला कानाला लावायचे आणि लगेच मान हलवायचे. गेर्डा मात्र डोळे मिटून ऐकत राहायची. बाळ कुठल्या कुशीवर आहे, त्याची पाठ कुठं आहे, हे ती आधी हातानं चाचपायची आणि मगच मला ठेवायची. तिच्या हातात मला माझी किंमत कळली.

पण त्या देशात तेव्हा हिटलरचं राज्य होतं. गेर्डा ज्यू होती, आणि ज्यू माणूस म्हणजे हलक्या वंशाचा, असं त्या राज्यानं कायद्यातच लिहून टाकलं होतं. साडेपाच वर्षं शिकून गेर्डा शेवटच्या परीक्षेचा अर्ज घेऊन खिडकीपाशी गेली. मी तिच्या पिशवीत होते.

"तुमचा अर्ज घेता येत नाही," आतला कारकून म्हणाला.

"माझे गुण कमी आहेत का?"

"गुण उत्तम आहेत."

"मग?"

त्यानं अर्जावरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं. रकाना वंशाचा होता.

गेर्डा घरी चालत आली. त्या दिवशी ती रडली, हे मी लपवणार नाही. पण दुसऱ्याच दिवशी तिनं पत्रं लिहायला घेतली. ज्या ज्या देशाचं नाव ठाऊक होतं, तिथं तिनं काम मागितलं. हैदराबाद संस्थानातून एका ओळखीच्या माणसाचं उत्तर आलं : कळंबच्या दवाखान्याला बाळंतपणं करणारी बाई हवी आहे. आईवडील म्हणाले, तू हो पुढे, आम्ही येतो मागून. ते कधीच येऊ शकले नाहीत. त्यांची पत्रं येत राहिली आणि एका वर्षी थांबली. का थांबली, ते गेर्डाला दुसरं महायुद्ध संपल्यावर कळलं. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे, आणि मीही इथं जास्त बोलणार नाही.

कळंबला 'गेर्डाबाई' म्हणताना लोकांची जीभ अडखळायची. आठवडाभरात तिची गिरिजाबाई झाली. थोड्याच दिवसांत महायुद्ध पेटलं, आणि जर्मनीहून आलेल्या प्रत्येकावर सरकारची नजर आली. दर सोमवारी बाईंना पोलीस चौकीवर अमीनसाहेबांपुढे, म्हणजे फौजदारांपुढे, हजेरी द्यावी लागे. तिकडे ज्यू म्हणून हाकललेली बाई इकडे जर्मन म्हणून संशयित! बाई हजेरी द्यायच्या, सही करायच्या आणि तशाच ताठ मानेनं दवाखान्यात यायच्या.

दवाखान्याचे डॉक्टर होते राघवेंद्रराव. माणूस सज्जन, पण नियमाचा पक्का. गिरिजाबाईंकडे सनद नव्हती, म्हणून निदान डॉक्टरांनी करायचं आणि बाईंनी फक्त हाताखाली काम करायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

एका दुपारी येडशीकडच्या एका वस्तीवरून बैलगाडी आली. गाडीत विठाबाई नावाची कोवळी पोर, दोन दिवसांपासून अडलेली. राघवेंद्ररावांनी आपला रबरी नळ्यांचा स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग तो गळ्यात टाकला आणि विठाबाईच्या सासूला बाजूला घेऊन म्हणाले, "लेकरू गेलंय आतल्या आत. आता आईला वाचवू."

बाई पुढे झाल्या.

"थांबा. मी ऐकते."

"मी ऐकलंय, गिरिजाबाई. तुमच्याकडं सनद नाही."

"सनद नाही," बाई मोडक्या मराठीत म्हणाल्या, "कान आहे."

त्यांनी विठाबाईचं पोट हलक्या हातानं चाचपलं. बाळाची पाठ उजवीकडे, अगदी मागे वळलेली होती. डॉक्टरांनी डावीकडे ऐकलं होतं. बाईंनी मला उजव्या कुशीत, खूप खाली टेकवलं आणि डोळे मिटले. मित्रांनो, त्या वेळी मला जो आवाज आला, तो मी अजून विसरलेले नाही. दूरच्या शेतात कुणी एकटंच कुदळ मारत असावं, तसा. संथ, दमलेला, पण चालू.

"मिनिटाला नव्वद," बाई म्हणाल्या. "कमी आहे. पण जिवंत आहे. तुम्ही ऐका."

राघवेंद्रराव वाकले. त्यांनी माझ्यावर कान ठेवला. पहिल्यांदा कपाळाला आठी पडली, मग ती गेली. ते उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर, माझं चुकलं. चला, चिमटा उकळून घ्या. वेळ घालवायचा नाही."

दोघांनी मिळून ते बाळंतपण केलं. मुलगा निळसर पडला होता, रडेना. बाईंनी त्याला पालथं धरून पाठ चोळली, तोंड पुसलं, फुंकर घातली. अखेर त्याला एक शिंक आली आणि त्यानंतर असा टाहो फुटला की बाहेरचे बैलसुद्धा बुजले. त्याचं नाव बब्रुवान ठेवलं. त्या दिवसापासून राघवेंद्रराव अडलेल्या बाईला हात लावण्याआधी विचारायचे, "गिरिजाबाई, तुमचा लाकडी कान काय म्हणतो?"

विठाबाई पुढे बाईंच्या हाताखालीच कामाला लागली.

संस्थान गेलं, नवं राज्य आलं, नवे नियम आले. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यानं बाळंतपण करायचं नाही. नियम चांगलाच होता. राघवेंद्रराव म्हणाले, "मी वर लिहितो, तुमच्यासाठी सवलत मागतो."

"सवलत नको," बाई म्हणाल्या. "परीक्षेला बसू द्या मला."

"ह्या वयात?"

"पंचविसाव्या वर्षी बसू दिलं नाही. मग आता बसते."

एक्केचाळीस वर्षांच्या गिरिजाबाई औरंगाबादला वीस वीस वर्षांच्या मुलींबरोबर बाकावर बसल्या. पेपर मराठीत लिहिला. तोंडी परीक्षेत विचारलं, "बाळाचे ठोके कसे ऐकाल?" बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी हातानं बाळ ओळखायचं. मग डोळे मिटायचे. मग ऐकायचं."

प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यावर कारकुनानं नाव लिहिलं होतं : गिरिजाबाई आडलर. राघवेंद्रराव चिडले. "नाव चुकलंय, बदलून घेऊ."

बाईंनी तो कागद दोन्ही हातांनी धरला होता. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."

पुढची पंचवीस वर्षं आम्ही गावोगाव फिरलो. जग सोडून जाताना बाईंनी मला विठाबाईच्या ओटीत घातलं. विठाबाईनंही मला जपलं. पण तीही गेली, आणि मी कोण, हे घरात कुणाला ठाऊक राहिलं नाही. माझा आकार पाहून सुनेनं मला बाटलीत रॉकेल ओतायला घेतलं. बाळांचे ठोके ऐकणारी मी, माझ्या पोटातून रॉकेल! पुढे रॉकेलही बंद झालं आणि मी माळ्यावर पडले.

बब्रुवानची नात अर्पिता डॉक्टर झाली. माळा आवरताना तिनं मला पाहिलं, शिकताना पाहिलेली अशीच नळी आणि घरात ऐकलेली लाकडी कानाची गोष्ट तिला आठवली, आणि ती धावतच अंगणात गेली.

"आबा, हे काय हाय म्हायतंय का?"

"व्हय की. रॉकेलची नळी."

"न्हाय, आबा. गिरिजाबाईची हाय ही. तुम्ही जित्ते हाव, हे हिनंच सांगितलं हुतं."

म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यानं मला आतून-बाहेरून पुसलं. "आन् आमी हिच्यातनं रॉकेल वतलं," एवढंच तो म्हणाला.

मित्रांनो, माझा राग कुणावर नाही. पण घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी ती कुणाच्या हातात होती, एवढं थोरांना विचारा. आणि कधी तुम्ही एखाद्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलात, तर अर्ज घेऊन आलेल्या माणसाचं काम बघा, कूळ बघू नका.

मी आता कळंबच्या रुग्णालयात आहे, आणि कपाटात शोभेला नाही. मशीन हाताशी नसलं तरी अडू नये, म्हणून अर्पिता नव्या परिचारिकांना माझ्यावर शिकवते. काल सोनारीची भुवनेश्वरी शिकायला आली.

"मॅडम, कायच ऐकू येईना."

"घाई करू नको. पाठ कुठं हाय, ते आधी बघ."

भुवनेश्वरीनं खाटेवरच्या गरोदर बाईचं पोट पुन्हा चाचपलं, मला दोन बोटं खाली सरकवलं आणि कान टेकवला. मग तिचे ओठ हळूहळू हलू लागले. ती मोजत होती.