साहेबांच्या उंबऱ्यावरचा वधस्तंभ

साहेब, माझं नाव पुढं करून तुम्ही एका बाईला मरायला परत पाठवलंत. पाठवताना तुमचा आवाजसुद्धा हलला नाही. एवढं आधी सांगून टाकतो, बाकीचं मग.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी वधस्तंभ आहे. कुणी क्रूस म्हणतं. आमच्या मंडळीत वधस्तंभच म्हणतात. पेठ वडगावजवळच्या एका लहान गावात आमचं कौलारू चर्च आहे. त्याच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या आणि सतरंज्यांच्या गठ्ठ्याशेजारी, माझी अलीकडची वर्षं गेली.

मी ओढ्याकाठची बाभळ होतो. मला तोडून आकाराम सुताराच्या दारात आणून टाकलं. आकारामचा जन्म नांगर आणि बैलगाड्या करण्यात गेलेला, असलं काम त्याला नवीन. तो मंडळीतल्या माणसांना म्हणाला, "पावणं, करून देतो की. पर ह्येच्यावर कुणाला टांगायचं न्हाई न्हवं?" सगळे हसले. आडवं लाकूड त्यानं खाच पाडून बसवलं, एकही खिळा मारला नाही. "ह्या वस्तूचं आन खिळ्याचं वाकडं हाय म्हंत्यात," म्हणाला. देवळात जाणारा माणूस तो, पण माझ्याविषयी इतकं समजून बोललेला दुसरा कुणी मला भेटला नाही.

वर्षातून एक दिवस खास माझा. उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभूला वधस्तंभावर मारलं त्या दिवशी, भर उन्हात मला चर्चपासून माळावरच्या दफनभूमीपर्यंत वाहून न्यायचे. मी जड. एकट्याला लांबवर पेलत नाही. दहा-बारा पावलं झाली की वाहणारा म्हणायचा, "खांदा बदला." मग हाक ज्याच्याकडं बघून आली त्यानं खाली शिरायचं. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. म्हातारी माणसं सांगायची, प्रभूचासुद्धा वाटेवरच्या एका परक्या माणसानं उचलला होता. मग आपण कोण एकट्यानं वाहणारे?

मला जवसाचं तेल लावायचे, मुलं हात लावून बघायची. बायकांनी मात्र खांदा द्यायचा नाही, असा कुणाचा तरी नियम होता. तो मोडला पूर्णिमानं. चर्च झाडणाऱ्या चिमणाबाईची ही एकुलती पोर. बारा वर्षांची असताना हाक आली आणि पुढचा माणूस चप्पल सावरत बसला, तेवढ्यात ही खाली शिरली. खांदा सोलवटला तरी वीस पावलं गेली. चिमणाबाई मागून ओरडत होती, "आगं भवाने, फ्रॉक फाटंल," आणि डोळे पुसत होती.

पुढं पूर्णिमाचं जयसिंगपूरला लग्न झालं. चर्चमध्ये दिव्यांचा नवा क्रूस आला आणि मी कोपऱ्यात पडलो. माझ्यावर खुर्च्या रचल्या. त्याचं मला काही नाही. लाकडाला धूळ चालते.

गेल्या माघात एका रविवारी उपासना सुटल्यावर पूर्णिमा मागच्या खोलीत आली. उजवा हात ओढणीत बांधलेला, ओठ फाटलेला. साहेब माइकची वायर गुंडाळत होते. साहेब म्हणजे आमचे पाळक, चर्चचे धर्मगुरू.

"साहेब, मी आता तिकडं जाणार न्हाई. आईच्या घरात त्यो येऊन मारतोय. हितं खोलीत चार दिस ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी वायर खाली ठेवली नाही. माझ्याकडं बोट केलं. "हा बघ. प्रत्येकाला आपापला असतो. कुरकुर न करता वाहायचा. शरण जा, पूर्णिमा."

"कुणाला शरण जाऊ? देवाला का त्येला?"

"संसारात दोन्ही एकच समज," साहेब म्हणाले, आणि त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो मोटारसायकल घेऊन आला. साहेबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

मित्रांनो, शरण जाणं काय असतं ते मला विचारा. करवतीला मी शरण गेलो नव्हतो, मला कापलं होतं. प्रभू माझ्यासारख्या लाकडावर गेला तो स्वतःच्या पायानं, दुसऱ्यांचा मार आपल्या अंगावर घ्यायला. दुसऱ्याला माराखाली ढकलून तो बाजूला उभा राहिला नाही. एवढा फरक बाभळीला कळतो.

सतराव्या दिवशी पूर्णिमाला पेटीत आणलं. जिन्यावरून पडली, असं नवरा म्हणाला. पोलिसांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी लिहून दिलं: घरात कुरबूर नव्हती, मुलीनं कधी तक्रार केली नाही. आणि वर प्रवचनात सांगितलं, तिनं आपला वधस्तंभ शेवटपर्यंत वाहिला.

आमच्यात प्रेतापुढं वधस्तंभ चालतो, म्हणून मला न्यायला माणसं आली तेव्हा चिमणाबाई दारात आडवी झाली. "त्येला हितंच ठेवा. माझ्या पोरीच्या म्होरं त्यो चालायचा न्हाई." मला कुऱ्हाड बसली तेव्हा इतकं लागलं नव्हतं.

मग ती रोज साहेबांकडं जाऊ लागली. मागणं एकच. "चौकीत चला. ती काय बोलली तेवढं सांगा." साहेब म्हणायचे, "चिमणाबाई, क्षमा करायला शिक. मंडळीची अब्रू जाईल."

उत्तम शुक्रवार आला. चिमणाबाईनं पहिला खांदा मागितला. लेक गेलेली, कोण नाही म्हणणार? साठीची बाई माझ्याखाली वाकली आणि चालू लागली. दहा पावलं झाली, वीस झाली. मंडळीच्या पंचांपैकी आण्णा पुढं झाले, "चिमणाबाई, दे हिकडं, मोडून पडशील."

"तुमास्नी हाक दिली न्हाई, आण्णा."

माळाच्या फाट्यावर ती वळली नाही. सरळ साहेबांच्या घरापुढं गेली. मागची गाणी थांबली. साहेब पांढऱ्या झग्यात घामेजून उभे होते. त्यांच्याकडं बघून ती म्हणाली, "खांदा बदला, साहेब."

साहेब जागचे हलले नाहीत.

तिनं मला त्यांच्या उंबऱ्यावर आडवा ठेवला आणि शेजारी भुईवर बसली. आज चौथा दिवस. रविवारी पुनरुत्थानाची उपासना झाली. साहेब मागच्या दारानं गेले, मागच्या दारानं आले. आण्णा आणि दोन बायका काल चिमणाबाईशेजारी येऊन बसल्या. बाकीची मंडळी लांबून बघते.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा. मी म्हणत नाही. मला तेल लावू नका, चुलीत घातलं तरी चालेल. पण मार खाऊन कुणी दारात आलं तर माझ्याकडं बोट करू नका. दार उघडा.

आणि साहेब, तुम्ही दाराच्या पडद्याआड आहात, तुमचे पाय मला दिसतात. चौकी इथून चालत अर्ध्या तासावर आहे. पूर्णिमा त्या रविवारी तुम्हाला काय म्हणाली, ते सांगायला तुम्ही येणार आहात का नाही? हो किंवा नाही, तोंडानं सांगा. बाई उन्हात बसली आहे.