एकमेव हरकत

एखादा प्रोग्रॅम संगणकाकडे काय काय मागतो, ते टिपणाऱ्या साधनात बाबांनी एका जुन्या प्रोसेसरसाठी कोड लिहिला होता. आता ते साधन मी सांभाळते. तो कोड काढण्याआधी, रिवाजाप्रमाणे, मी राजापेठेतल्या घरून ते वापरणाऱ्या सगळ्यांना मेलवर विचारलं, "अजून कोणी वापरतं का?" जगातून एकच हरकत आली, पाच महिन्यांपूर्वी गेलेल्या बाबांच्या मेल-पत्त्यावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अकोल्याला गेले. त्या जुन्या प्रोसेसरचं बाबांचं मशीन त्यांचे मित्र गयासुद्दीनकाका यांच्या दुकानात, दुरुस्त होऊनही कोणी न नेलेल्या पंपांच्या स्टार्टरांमध्ये घरघरत होतं.

"मेल तुम्ही पाठवली, काका?"

"मंग कोन? तुह्या बापानं सांगून ठेवलं होतं, कोनी विचारलं का 'चालते' म्हनून लिवजो."

"पण तुम्ही त्यावर करता काय?"

"सकाळी चालू करतो. चालते. मंग बंद करतो."

बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं.

"काका, तो प्रोसेसर बनणं थांबून पंधरा वर्षं झाली."

काका पेचकस पुसत राहिले. "काढ मंग. पन बिगडला म्हनून काढला, असं नको लिवू, बेटा."

तिथेच बसून मी बाबांच्या दोन हजार ओळी पुसल्या आणि खाली नोंद केली: काढला तेव्हा चालत होता. वापरणारा एक.

काकांनी वाकून वाचलं.

"दोन लिव."