कृष्णविवराचे केस

कृष्णविवराला केस नसतात, हे भौतिकशास्त्रातलं गंभीर विधान आहे. ते ज्यांनी केलं त्यांना सलूनशी काही देणंघेणं नव्हतं. चिमीला मात्र होतं, कारण तिच्या वडिलांचं सलूनच होतं. संशोधनाला विषय कुठला घेतलास, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं हे विधान जसंच्या तसं सांगून टाकलं. बाबा एका गिऱ्हाइकाच्या मानेवर ब्रश फिरवत होते, ते थांबले. एवढं विश्व पडलंय, म्हणाले, आणि तुला नेमकं टकलूच सापडलं.

चिमीनं मग समजावून सांगितलं. विवरात तारा पडो नाहीतर लोखंडी कपाट, बाहेरून नंतर तीनच गोष्टी कळतात: वजन किती, फिरतंय किती आणि विद्युतभार किती. बाकी सगळं सफाचट. खरी भानगड पुढेच आहे. हे विवर अतिशय हळूहळू विरत जातं आणि शेवटी उरतच नाही. मग त्या कपाटाची माहिती गेली कुठे? माहिती नाहीशी होऊच शकत नाही, असं निम्मे शास्त्रज्ञ म्हणतात आणि खुशाल होते, असं उरलेले निम्मे. दोन्ही निम्मे चिमीच्या संस्थेत एकाच यंत्राचा चहा पितात आणि दोघांनाही तो आवडत नाही, एवढ्यावर त्यांचं एकमत आहे.

चिमीनं निबंध लिहिला. विवराच्या कडेवर अतिशय मऊ केस असतात, हा अंदाज इतरांनी आधीच केलेला होता. आत पडलेल्या झाडून सगळ्याची खूण त्या केसांत शिल्लक राहते, हे तिनं गणितानं दाखवलं. वर्तमानपत्रात बातमी आली. बाबांनी कात्रण आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलं आणि दाढीला बसणाऱ्या प्रत्येकाला ते विवराच्या केसांबद्दल सांगू लागले. गळ्यावर वस्तरा असताना विश्वाच्या रचनेबद्दल कुणी वाद घालत नाही. त्यामुळे चिमीचा सिद्धांत त्या भागात फार लवकर सर्वमान्य झाला.

सगळ्यात मन लावून ऐकायचे ते निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, तरी दर रविवारी ते केस कापायला यायचे. बाबा त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधायचे, पाणी फवारायचे, आणि कंगवा न् कात्री डोक्यापासून बोटभर वर नेऊन इतरांइतकाच वेळ चालवायचे. शेवटी पाठीमागे आरसा धरायचे. पोस्टमास्तर मान वळवून बघायचे आणि मागून जरा जास्तच कमी झालेत म्हणायचे. माहिती हरवत नाही, हे त्यांना चिमीच्या गणिताआधीच पटलेलं होतं. त्यांच्या खात्यात हरवलं असा शब्दच नव्हता म्हणे. अजून पोचलं नाही, एवढंच म्हणायची पद्धत होती.

आणि एका शुक्रवारी दुपारी, सोमवारच्या व्याख्यानाची तयारी करताना, चिमीनं सहज मोजमापाची पद्धत बदलून पाहिली. पद्धत बदलली म्हणून उत्तर बदलायला नको. पण निम्मे केस गेले. तिनं तिसरी पद्धत वापरली तर एकही उरला नाही. केस विवराचे नव्हतेच. ते तिच्या कंगव्यात अडकलेले होते.

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. निबंध तपासणाऱ्यांच्या नाही आणि एरवी कुणाचीही बिनपाण्यानं करणाऱ्या विभागप्रमुखांच्याही नाही. त्यांनी तर तिला कायम करण्याची शिफारस याच निबंधावर केली होती. गप्प बसलं तर दोन-चार वर्षं सहज निघतील, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. चुकीपेक्षा तिला त्या विचाराचीच जास्त लाज वाटली.

रविवारी ती सलूनमध्ये गेली. खुर्चीत पोस्टमास्तर होते. बाबांची कात्री हवेत चालली होती, आणि चालता चालता ते बाकावरच्या एका नवख्याला आरशावरचं कात्रण वाचायला सांगत होते. चिमीला ते बघवेना. पोस्टमास्तर गेले, नवखाही उद्या येतो म्हणून सटकला, तेव्हा ती जरा तोडूनच बोलली.

"बाबा, तुम्ही त्यांना फसवता असं नाही वाटत तुम्हाला?"

बाबांनी दारात जाऊन कापड झटकलं. त्यातून काहीच पडलं नाही, पण त्यांनी ते नीट झटकलं.

"फसलं कोण? त्यांना माहितेय, मला माहितेय. एकालाच माहीत असेल तर ती फसवणूक."

चिमीच्या डोळ्यांत पाणी आलं. "केस नाहीयेत, बाबा. विवराला. माझं चुकलंय."

बाबांनी तिला खुर्चीत बसवलं, कारण बसवायला दुसरी बरी जागा नव्हती. आणखी कुणाला माहितेय, असं त्यांनी विचारलं. आता तुम्हाला, ती म्हणाली.

"म्हणजे तुझ्या साहेबांना सांगायचं राहिलं," बाबा म्हणाले, आणि तिच्यासाठी पाणी आणायला गेले.

सोमवारी चिमीनं भरल्या सभागृहात निष्कर्षाऐवजी चूक समजावून सांगितली. विभागप्रमुखांनी तिची सगळ्यांसमोर बिनपाण्यानं केली. कायम होण्याचं प्रकरण पुढे ढकललं गेलं. किती पुढे, ते कुणी सांगेना. विरुद्ध निम्म्यातले एक गृहस्थ मात्र शेवटपर्यंत थांबले, तिचं गणित परत एकदा बघून घेतलं, आपलाही कंगवा तोच आहे म्हणाले आणि पडल्या चेहऱ्यानं निघून गेले.

पुढच्या रविवारी चिमी सलूनमध्ये गेली ती कात्रण काढून टाकायला. ते जागेवरच होतं. खाली बाबांनी जाड पेनानं लिहिलं होतं: हे चूक आहे, तिनं स्वतःच शोधून काढलं. दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकाला ते आता हेच सांगत होते, वस्तरा गळ्यावर ठेवून आणि पहिल्यापेक्षा चढ्या आवाजात. चिमीचा हात कात्रणापर्यंत गेला आणि परत आला.

पोस्टमास्तर आले, त्यांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली आणि तिच्याकडे वळले.

"म्हणजे केस नाहीतच?"

"मला तरी सापडले नाहीत, काका."

"मग आत पडलेल्याचं काय होतं?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

पोस्टमास्तरांनी मान डोलावली. अजून पोचलं नाही, एवढंच, असं ते स्वतःशी म्हणाले आणि खुर्चीत बसले. बाबांनी कापड बांधलं, पाणी फवारलं, कंगवा घेतला. मग आरशातून चिमीकडे बघत त्यांनी विचारलं, "आज किती कमी करू?"

पोस्टमास्तरांनीही आरशातून तिच्याकडेच पाहिलं.

"आज नको," चिमी म्हणाली. "आहेत तेवढे असू द्या."