तिघांत एक हेडफोन

धुळ्याच्या देवपुरातल्या कुंदाबाईंनी तिन्ही पोरांना खोलीतून काढलं, आणि काढलं तेही आवाज येत नाही म्हणून.

हे वाक्य वाचलंच नाही असं धरून पुढे चालावं. कुणी कुणाला काढलेलं नाही. खोली जागच्या जागी आहे. कुंदाबाई खाली ओट्यावर गहू निवडत बसल्या आहेत, आणि वरच्या खोलीतला टेप असा बोंबलतोय की सुपातले गहू आपले आपणच पाखडले जातायत.

खोली सुकदेवच्या नावावर होती. सुकदेव वीज मंडळात कारकून, लग्न न झालेला. तेव्हाच्या धुळ्यात लग्न न झालेल्या माणसाला नोकरी मिळायची, सायकल मिळायची, चुकून एखादी चांगली मुलगीही सांगून यायची, पण खोली मिळायची नाही. "फॅमिलीलाच देतो" हे वाक्य त्यानं इतक्या ओट्यांवर ऐकलं होतं की घरमालकांची कुठे तरी एकत्र तालीम होते असा त्याला दाट संशय होता. तोवर तो नदीपलीकडे भाईदास मामांच्या ओसरीवर राहिला. मामा वाईट नव्हते. फक्त विचारायचे. कुठे गेला होतास? तिथे काय होतं? ते बघून मग काय केलंस? सुकदेव एकदा संडासातून आला तेव्हाही हेच तीन प्रश्न झाले. त्या ओसरीवर परत जायचं नाही, एवढी एकच महत्त्वाकांक्षा घेऊन तो जगत होता.

कुंदाबाईंची खोली मिळाली ती लोखंडी जिन्यामुळे. जिना एवढा उभा होता की लहान मुलं असलेली फॅमिली वर बघायची आणि नमस्कार करून निघून जायची. "तिघं रहा," कुंदाबाई म्हणाल्या, "पण तुमच्यावर माझं लक्ष राहील."

बाकीचे दोघं म्हणजे भिकन आणि हिलाल. भिकन तेलाच्या गिरणीत वजनकाट्यावर होता. गाव शिरपूरकडचं, बोलणं गावाकडचं अहिराणी, डोकं नगाऱ्याएवढं. हिलाल शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याच्या वडिलांची चाळीसगावला भीमगीतांची गायन पार्टी होती. टेप एक आणि आवडी तीन. हिलालला भीमगीतं लागायची, त्यात ढोलकी खणखणीत आणि शब्दन्‌शब्द सुटा. भिकनला कव्वाली लागायची, टाळ्यांसकट. सुकदेवला ख्याल. ख्यालाच्या कॅसेटमध्ये पहिला बराच वेळ काही घडत नाही, आणि पुढे जे घडतं ते भिकनच्या मते घडलं नसतं तरी चाललं असतं.

"एक तर हा डबा बंद होईल, नाहीतर तुम्ही," कुंदाबाईंनी शेवटी जिन्याखालून सांगितलं. "माझ्या कानाचे पडदे गेले. पाडव्यापर्यंत काय ते बघा!"

त्यावर हिलालनं हेडफोनचा तोडगा काढला. तिघांनी पाऊणशे रुपये जमवले. धुळ्यातले दुकानदार आपल्याला ओळखतात आणि ओळखीचा माणूस हमखास फसवतो, या सुकदेवच्या सिद्धांतानुसार तिघं एसटीनं जळगावला गेले.

दुकान नेमीचंदशेठचं होतं. गोरा, शांत, पोटावर हात ठेवून बसणारा माणूस.

"काय ऐकता?" त्यानं विचारलं.

सुकदेवला प्रश्न आवडला नाही. चप्पल घेताना कुणी, कुठे निघालात, असं विचारत नाही.

"वेगवेगळं," तो तुटकपणे म्हणाला.

"म्हणजे काय काय?"

हिलालनं सगळं सांगून टाकलं. शेठनं काचेवर तीन हेडफोन मांडले. "हा मोठा. ढोलकी अशी वाजेल की छातीत बसेल, पण ख्यालवाल्याच्या कानात भुंगा शिरल्यासारखं होईल. हा मधला. वरचा सूर मोकळा देतो, पण ढोलकीचा होतो रॉकेलचा डबा. अन् हा." तिसरा नारिंगी स्पंजचा होता, हातात घेतला तरी घेतल्यासारखा वाटत नव्हता. "हा सगळंच बरं वाजवतो. फार छान काहीच वाजवत नाही. तिघांत एक घ्यायचाय तर हाच घ्या. अन् स्वस्तही हाच."

सुकदेवनं दोघांना बाजूला ओढलं. "ऐकलंत? आपल्याच मालाला बरा म्हणतो. महागाचा घेऊ नका म्हणतो. काय असेल याच्या मनात?"

"खरं बोलत असेल," हिलाल म्हणाला.

"दुकानात?"

"धुळ्याहून आलात का?" शेठनं गादीवरून विचारलं. "मग कशाला एवढं लांब आलात? तिथे माझा भाऊ मोहनलालचं दुकान आहे. हाच माल, हाच भाव."

"बघा, दोघं मिळालेले आहेत," सुकदेव कुजबुजला.

"अरे, भाऊ आहेत ते! मिळालेले नसतील तर काय कोर्टात असतील?" हिलाल म्हणाला.

मग चाचणी झाली. एकानं हेडफोन घालायचा आणि दोघांनी त्याचा चेहरा बघायचा, कारण आत काय वाजतंय हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. सुकदेवनं ख्याल लावून डोळे मिटले. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ वाकडा झाला, मान एका बाजूला कलली.

"काढ ते, काढ!" भिकन घाबरला. "त्याले दुखी राहिनं!"

सुकदेवनं डोळे उघडून सांगितलं, की याला तल्लीन होणं म्हणतात. त्यानंतर भिकननं घातला. नारिंगी स्पंज त्याच्या कानापर्यंत पोचेपर्यंत पट्टी करकरली. कव्वाली सुरू झाली आणि भिकन नेमीचंदशेठच्या तोंडासमोर, एका हाताच्या अंतरावरून, गल्लीपल्याड हाक मारावी तसा ओरडला, "बठ्ठं ऐकू येस, शेठ! बठ्ठं!"

सगळंच ऐकू आलेल्या शेठनं पोटावरचा हात काढून कानावर ठेवला.

त्यांनी नारिंगी घेतला. तो चांगला आहे हे सुकदेवला अखेरपर्यंत पटलं नाही. पण पाऊणशे रुपयांत दुसरा येत नव्हता, आणि आपल्याला फसवायला नेमकं आपल्या खिशातलंच बजेट निवडलं गेलंय, या शंकेवर त्यानं परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत विचार केला.

टेपला पिन लावली की आवाज बाहेर येणं बंद. त्या संध्याकाळी देवपुरातली ती गल्ली पहिल्यांदा शांत झाली. खोलीत एक जण डोक्याला वायर लावून डोळे मिटून बसायचा. दोघं त्याच्यासमोर मांडी घालून आपापल्या पाळीची वाट बघत त्याचा चेहरा न्याहाळायचे.

पूर्वी टेपमुळे भांडणं व्हायची, पण संशय नव्हता. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. आता हिलाल पाळी संपली तरी मान हलवत बसायचा, आणि त्याची शेवटची गीतं नेहमी लांबत कशी जातात हे सुकदेवला कळेना. एके दिवशी त्यानं पिन बघितली. ती टेपमध्ये नव्हतीच. हिलाल भिकनच्या गिरणीतल्या गोष्टी टाळायला नुसता हेडफोन घालून बसला होता. सुकदेवनं ती होती तिथेच राहू दिली. आदल्या दिवशी त्यानंही तेच केलं होतं.

तिसऱ्या दिवशी कुंदाबाई वाटी परत द्यायला वर आल्या. वाटी त्यांचीच होती. चौथ्या दिवशी त्या वाटी परत न्यायला आल्या. पाचव्या दिवशी वाटीशिवायच आल्या. दार लोटलं तर समोर भिकन, डोक्याला वायर, डोळे मिटलेले, अंग झुलतंय, आणि दोघं जण त्याच्याकडे एकटक बघत गप्प बसलेले.

"काय करताय रे त्याला?"

"काही नाही अक्का, गाणी ऐकतोय तो," हिलाल म्हणाला.

"कुठे आहेत गाणी? मला तर येत नाहीत ऐकू."

"त्याच्या डोक्यात आहेत."

हे उत्तर चुकलंच. कुंदाबाईंनी दाराची चौकट धरली. "समोरची द्रौपदाबाई मला म्हणालीच होती, पोरं करंटचा काहीतरी प्रयोग करतात म्हणून. तरीच तो एक वीज मंडळात आहे! काढा ते त्याच्या डोक्याचं. मला घाला. माझ्या खोलीत काय चालतं ते मला कळायलाच पाहिजे."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. सुकदेवनं घाईघाईनं, पहिल्याच झटक्याला बाई बिचकू नये म्हणून, कव्वाली काढून ख्याल लावला. हेतू चांगला होता. कुंदाबाई खाटेवर टेकल्या आणि पदर सावरून ऐकू लागल्या.

"नुसतं घूं घूं होतंय."

"तानपुरा आहे तो. गाणं येईल आता."

"माणूस कुठे आहे?"

"येईल, अक्का. जरा दम धरा."

कुंदाबाईंनी दम धरला, गल्लीतून दूधवाला येऊन जाईपर्यंत धरला. गवई आला नाही. "मला घूं घूं ऐकवता अन् खरं ते लपवता," असं म्हणून त्यांनी हेडफोन उतरवला, आणि त्याच क्षणी आत गवयानं सूर लावला. पण तो आता फक्त स्पंजला ऐकू जात होता.

"अक्का, आते मन्ही आयका," भिकन म्हणाला, आणि त्यानं कव्वाली लावली. भिकन ज्या आवाजावर ऐकायचा त्याच आवाजावर लावली. दहा जणांची टाळी एकदम कुंदाबाईंच्या दोन्ही कानांत पडली.

त्यांची किंकाळी पांझरा नदीच्या पुलापर्यंत गेली असं नंतर द्रौपदाबाई सांगत. करंट बसला हे द्रौपदाबाईंचं मत पुढे कधीही बदललं नाही.

कुंदाबाईंचा निकाल लगेच लागला. हेडफोन ठेवा, पण जो ऐकेल त्यानं आत जे वाजतंय ते मोठ्यानं म्हणून दाखवायचं, म्हणजे खाली समजेल. खोलीसाठी सुकदेव काहीही मान्य करायला तयार होता. हिलालला अडचण नव्हती, त्याला सगळी गीतं पाठ होती. भिकन कव्वाली म्हणायचा, पण कानात गाणं असताना आपला आवाज आपल्याला येत नाही, त्यामुळे चाल एकीकडे जायची आणि भिकन दुसरीकडे. टाळ्या मात्र बरोबर पडायच्या. सुकदेवची पाळी आली की तो लाजत लाजत आलाप म्हणायचा. दुसऱ्याच संध्याकाळी द्रौपदाबाई बामची बाटली घेऊन जिना चढल्या. "कुणाचं पोट दुखतंय? केव्हाचा कण्हतोय बिचारा."

चार दिवसांत कुंदाबाई खालून ओरडल्या, "बंद करा! यापेक्षा तो डबा बरा होता!"

सुकदेव जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला. आपण सुटलो असं त्याला वाटलं. "मग अक्का, हेडफोन काढून टाकतो. पहिल्यासारखा टेप लावतो. मोठ्यानं."

हातातलं सूप कुंदाबाईंनी खाली ठेवलं. "तो आवाज होता ना, तोवर मला कळायचं. भिकन्या आला, आता टाळ्या. मास्तर आला, आता ढोलकी. तुझं ते रडगाणं लागलं की समजायचं, सगळे घरी आले, कडी लावायला हरकत नाही. शिव्या द्यायचे मी, पण कळायचं. मग तुम्ही मुके झालात. वर तीन पोरं आहेत का गेली, जगली का मेली, काही पत्ता नाही."

"म्हणून तर म्हणतो, परत लावतो."

"आता लावून काय उपयोग? तुम्ही आवाजाशिवाय राहू शकता हे मला कळलंय ना. आता कितीही मोठ्यानं लावलात तरी माझ्या मनात येणारच, की डबा खोलीत लावून ठेवलाय अन् पोरं कुठे आहेत कोण जाणे." त्यांनी सूप परत उचललं. "नको रे बाबा. मला झोप लागत नाही. पाडव्यापर्यंत खोली रिकामी करा. यापुढे फॅमिलीलाच देणार."

एवढ्या संशयातून गेलेल्या सुकदेवला यात कुठे तरी फट सापडायला हवी होती. पण बाईंचं म्हणणं त्याला पटलं होतं. तो त्यांच्या जागी असता तर त्यानंही हेच केलं असतं, आणि जरा लवकर केलं असतं.

तिघं दोन रविवार देवपूर फिरले. ओट्यावर ओटा झाला. फॅमिली आहे का, म्हणून विचारलं की हिलाल सुकदेवकडे बघायचा, सुकदेव भिकनकडे, आणि भिकन स्वतःच्या पायांकडे. शेवटच्या ओट्यावर मागून ओळखीचा आवाज आला, "कुठे गेला होतास?" भाईदास मामा पिशवी घेऊन उभे होते. "तिथे काय होतं?"

तिसरा प्रश्न यायच्या आत सुकदेव सायकलवर बसला आणि थेट खोलीवर गेला. तिथे हिलालच्या चित्रकलेच्या कागदावर, कार्यालयात लिहितात तशा मराठीत, त्यानं एकटाकी मजकूर लिहून काढला. मागून दोघं पोचल्यावर तिघांनी खाली सह्या केल्या. तो असा :

"मा. मुख्याधिकारी साहेब, नगरपालिका, धुळे यांचे सेवेशी. अर्जदार क्र. १ ते ३ हे अविवाहित, सुदृढ व नोकरीत असून, एक टेप व एक हेडफोन यांवर तीन परस्परविरोधी आवडी सांभाळून एकाच खोलीत मारामारी न करता राहिलेले आहेत. शहरातील कित्येक कुटुंबांना हे साधलेले नाही. सबब विनंती की, अर्जदार तिघांना, लग्नकार्य, रेशन व वारसाहक्क वगळून, फक्त खोली भाड्याने मिळण्याच्या कामापुरते एक कुटुंब समजण्यात यावे. सदर कुटुंबात पत्नी कोण हे कार्यालयाने आपल्या सोयीने ठरवावे, अर्जदारांची हरकत राहणार नाही. आणि तसा दाखला सही-शिक्क्यानिशी पाडव्यापूर्वी मिळावा."