धुक्यातून येणारी नावं

मित्रांनो, मी जाफराबादच्या एका म्हाताऱ्या जीपची पुढची काच. माझा जन्म भट्टीत झाला म्हणतात. मला त्यातली फक्त ऊब आठवते. खरी शुद्ध आली ती सांडूभाऊंच्या जीपमध्ये.

ते मला रोज ओल्या वर्तमानपत्राने पुसत. मग बोटावर चुना घेऊन माझ्यावर बाहेरून ‘जाफराबाद’ लिहीत, म्हणजे जीप कुठे जाते ते रस्त्यावरच्या माणसाला लांबूनच कळावं. त्यांची लेक रेणुका पुढच्या सीटवर बसून माझ्यातून पळणारी झाडं बघे आणि बघताबघता पेंगे. पुढे एक खडा लागला, कोपऱ्यात तडा गेला, आणि ते वर्तमानपत्रही बंद झालं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

रेणुका मोठी होऊन शहरात शिकायला गेली. सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात ना, ती कशी यावीत हे ती शिकते. तिने पहिल्यांदा केली ती अक्षरं कॉम्प्युटरवर गरागरा फिरत होती. सर म्हणाले, नावं नाचतात छान, पण गोष्ट सुरूच होत नाही. आता तिची मैत्रीण कनिका एक छोटा सिनेमा करत होती, शिकायला घर सोडणाऱ्या मुलीचा. याही खेपेला जमलं नाही, तर नावांचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

रेणुकाने गावी येऊन कागदावर दृश्यांच्या चौकटी आखून बेत केला. जीपच्या आतून धुक्यातला रस्ता दिसावा, माझ्यावर चुन्याने लिहिलेली नावं असावीत आणि शेवटी वायपरने ती पुसावीत. जीप दुसऱ्याच दिवशी दुपारी भंगारात जायची होती, म्हणून हाताशी सकाळ एकच होती.

पहाटे ती आत मोबाईल बांधत बसली. नावं लिहायचं काम सांडूभाऊंकडे होतं. तिने मान वर केली, तर सगळी अक्षरं उलटी.

“आबा, आतून वाचता यायला पाहिजे, म्हणून उलटी काढा म्हणलं होतं ना?”

“हाताला सवय हाय, माय. आपण बाहेरच्यासाठीच लिहितो. पुसू का?”

धुकं विरत चाललं होतं. रेणुका माझ्याकडे बघत राहिली आणि मग बांधलेला मोबाईल सोडवून, तो घेऊन खाली उतरली.

“नका पुसू. मागं जा, अन् मला घ्यायला आल्यासारखे हळूहळू या. थांबलात की वायपर फिरवा.”

आम्ही निघालो. सगळं दुधासारखं होतं, रस्ता कुठला आणि रान कुठलं कळत नव्हतं. वाटलं, मी पुन्हा नवी आहे. तिला आधी पांढरे डाग दिसले असतील, मग अक्षरं, मग एकेक नाव. जीप तिच्यासमोर थांबली. वायपर फिरला, नावं गेली, आणि माझ्यामागे सांडूभाऊ होते. शहराच्या बसमध्ये तिला बसवून देताना होता, तोच चेहरा.

जीप भंगारात गेली, पण रेणुकाने मला काढून घेतलं. आता मी तिच्या टेबलावर असते. खाली दिवा लावून माझ्यावर ती चौकटी काढते. परवा सांडूभाऊ तिच्याकडे आले, तेव्हा तिने माझ्यावरच मोबाईल ठेवून त्यांना ती नावं दाखवली. काम तिच्याकडेच राहिलं होतं.

“समद्यांची नावं हायेत,” सांडूभाऊ म्हणाले. “माझं न्हाई टाकलं?”

“तुमचं लिहायची गरजच न्हाई पडली, आबा. नावं पुसली की तुम्हीच दिसता.”

सांडूभाऊंनी कोपऱ्यातलं जुनं वर्तमानपत्र ओलं केलं आणि मला पुसायला घेतलं. मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी काच धूळ खात असेल. टाकण्याआधी एकदा पुसा, आणि पलीकडे कोण बसलंय ते बघा.